नारायण पेठेतला कोरियन सेनापती

कोरियन तलवारबाजीचे सिनेमे मी इतके पाहिले आहेत की त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला पूर्णपणे पोचतो. न बघता नावं ठेवणारे पुण्यात पुष्कळ आहेत. मी त्यांतली नाही, मी बघून ठेवते.

या सिनेमांत एक योद्धा असतो. त्याचे केस कमरेपर्यंत असतात आणि ऐन लढाईतही ते विंचरलेले असतात. तो कौलांवरून पळतो, बांबूच्या शेंड्यावर एका पायावर उभा राहतो आणि मनात आलं की उडतो. उडता येत असूनही हा सगळीकडे उशिरा पोचतो, हे विशेष. त्याच्या तलवारीत कुठल्या तरी पूर्वजाचा आत्मा अडकलेला असतो. जंगलात कोल्ह्याची बाई झालेली एखादी मायाविनी फिरत असते आणि राजवाड्यात एक राजकन्या असते. योद्ध्याचं राजकन्येवर प्रेम आहे हे तबेल्यातल्या घोड्यांनासुद्धा ठाऊक असतं. पण हा बोलत नाही. दोन तास बोलत नाही. मग राजकन्येचं लग्न दुसरीकडे ठरतं, याच्या छातीत कुणाचा तरी बाण घुसतो, वरून गुलाबी फुलं पडायला लागतात आणि मग मात्र याला कंठ फुटतो. ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची एक नीटनेटकी रेघ सोडून तो तिला सगळं सांगतो. मरेपर्यंत बोलायचं नाही आणि मरताना थांबायचं नाही, असा एकूण प्रकार.

आमच्या नारायण पेठेतला श्रीनिवास खांबेटे या सिनेमांपायी वाया गेला असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. तो आधीच वाया गेलेला होता, सिनेमांनी त्याला फक्त ऐट दिली.

बोलताना आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो. इथं लिहिताना मात्र मी त्याला अरे-तुरे करणार आहे. तेवढा हक्क मी कमावला आहे. आणि आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला तर्क लढवत बसायला नको. मला तो आवडायचा. चांगला आवडायचा.

श्रीनिवास आमच्या समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा. घरात आई आणि तो. वडील पोस्टात होते, ते लवकर गेले. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेची भाषणं लिहून द्यायचं काम याच्याकडे असायचं. भाषण याचं, आवाज दुसऱ्याचा आणि कप तिसऱ्याच्या कपाटात. याला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पुढे पेठेतल्या लग्नांच्या मंगलाष्टका, निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं, मंडळाच्या अहवालातलं अध्यक्षांचं मनोगत, सगळं हाच लिहायला लागला. व्यासपीठावर या म्हटलं की हा हॉलच्या मागच्या दाराशी जाऊन खुर्च्या मोजायचा. नोकरी लागली सहकारी बँकेत. तिथंही लोकांशी बोलायला नको म्हणून आतल्या बाजूचं टेबल मागून घेतलं.

त्या आतल्या टेबलाशी एक कोरियन इंजिनियर येऊन बसला आणि पुढचं सगळं झालं. कुठल्याशा कारखान्यात तो दोन वर्षांसाठी आला होता. त्याचं इंग्रजी काउंटरवर कुणालाच कळेना, म्हणून त्याला आत पाठवलं. श्रीनिवास बोलायच्या ऐवजी कागदावर लिहून दाखवायचा, इंजिनियरही लिहायचा. दोघांचं उत्तम जमलं. मायदेशी परत जाताना त्या भल्या माणसानं कृतज्ञता म्हणून सिनेमांच्या डीव्हीडींचं एक खोकं याला दिलं. त्यानं पेढे दिले असते तर माझं पुष्कळ भलं झालं असतं.

महिन्याभरात श्रीनिवासची चाल बदलली. हात मागे बांधून तो सावकाश चालायला लागला. ऐन मे महिन्यात काळा झब्बा घालायला लागला. काही विचारलं तर आधी थांबायचा, लांब बघायचा आणि मग उत्तर द्यायचा. आईनं "श्रीनिवास, दूध संपलंय रे" म्हटलं तरी हा आधी क्षितिजाकडे बघायचा. नारायण पेठेत क्षितिज नसतं, समोर आमची गॅलरी असते. त्या गॅलरीत मी कपडे वाळत घालत असायची.

मी सुहासिनी. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आईचं आजारपण लांबलं, मग आई गेली, मग बाबा एकटे पडले, आणि माझं लग्न राहिलं. दोष कुणाचाच नव्हता. अडतिशी आली तेव्हा नातेवाइकांनी विषय काढायचं सोडून दिलं होतं, ते मला बरंच वाटलं होतं.

आमच्याकडचा टीव्ही मोठा, म्हणून श्रीनिवास रविवारी दुपारी डीव्हीडी घेऊन आमच्याकडे यायचा. बाबा आरामखुर्चीत बसायचे आणि दुसऱ्या तलवारबाजीला घोरायला लागायचे. सिनेमा कोरियन, खाली इंग्रजी अक्षरं आणि शेजारी श्रीनिवासचं मराठी भाषांतर. हे भाषांतर म्हणजे स्वतंत्रच वाङ्मय होतं. खाली नुसतं 'Go' असायचं आणि हा म्हणायचा, "जा राजकन्ये, या डोंगरांचा वारा तुझ्या पदराला सांभाळील." मी एकदा विचारलं, "एवढं सगळं त्या दोन अक्षरांत आहे?" तर म्हणाला, "ते त्याच्या डोळ्यांत आहे." मी त्या योद्ध्याचे डोळे बघितले. त्यांत काजळ सोडून मला काही दिसलं नाही.

तरीही मी दर रविवारी बघत होते. एकूण एक बघितले. भूत झालेला सेनापती पाहिला, चंद्रावरून उतरलेली तलवार पाहिली, मागच्या जन्मीची जखम या जन्मी दुखणारा राजपुत्र पाहिला. कारण हा शेजारी बसलेला असायचा. एका सिनेमात राजकन्या नदीकाठी उभी होती, आणि हा भाषांतर करता करता मध्येच हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही गॅलरीत अशाच उभ्या राहता." एवढंच. मग त्याला स्वतःच्याच धाडसाची एवढी धास्ती बसली की पुढचे दोन रविवार तो आलाच नाही. पण मी त्या एका वाक्यावर वर्षभर राहिले. मूर्खपणा एकट्या श्रीनिवासच्याच वाट्याला आला होता असं मी म्हणणार नाही.

मला ताप आला की हा औषध आणि दही आणून दाराच्या कडीला पिशवी अडकवून निघून जायचा. बेल वाजवायचा नाही. योद्धे वाजवत नाहीत. मी आत पडलेली, मला पत्ता नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या मांजरानं त्याचा त्याग चाटूनपुसून खाल्लेला. औषधाच्या गोळ्या जिन्यात पसरलेल्या. पुढे कधी कळलं आणि मी विचारलं तर म्हणायचा, "आपलं नाव कळावं म्हणून थोडंच करायचं असतं?" अहो, नाव राहू द्या, दही तरी पोचायला हवं की नको?

असं चाललेलं असताना एका श्रावणात मावशीनं माझ्यासाठी स्थळ आणलं. श्यामसुंदर आगटे. विश्रांतवाडीला राहायचे, पाटबंधारे खात्यात होते, पहिली बायको चार वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. दिसायला बेताचे. शर्टाच्या खिशात कंगवा आणि चहा पिताना फुर्र असा आवाज. पाण्याच्या पंपाबद्दल अर्धा तास बोलले. मग कप खाली ठेवून माझ्याकडे बघत सरळ म्हणाले, "मला एकट्यानं जेवायला आवडत नाही. म्हणून लग्न करायचंय. तुमच्या वडिलांची एक खोली होईल, त्यांना इथं एकटं ठेवायचं कारण नाही. पितृपंधरवड्याच्या आधी काय ते कळवा. नाहीतर पंधरा दिवस असले विषय बंद, आणि माझी बहीण तेवढे दिवस माझं डोकं खाईल."

म्हणजे मुदत ठरली. अनंत चतुर्दशीपर्यंत. तोवर श्रीनिवास बोलला तर ठीक, नाहीतर मी विश्रांतवाडीला होकार कळवायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. कारण एकदा हे स्थळ गेलं की दुसरं यायचं नाही, आणि बाबा दर पावसाळ्यात थोडे थोडे खचत होते.

श्रीनिवासला कळावं म्हणून मी मुद्दाम त्याच्यादेखत विषय काढला. तो लांब बघत राहिला. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "श्रीनिवास, तुम्ही घरचेच. त्या आगट्यांची जरा चौकशी करून या हो. शेजारीपाजारी विचारा. दारूबिरू, कर्जबिर्ज."

मला वाटलं, आता तरी हा म्हणेल, मला जमायचं नाही. आपल्याला आवडणाऱ्या बाईच्या होणाऱ्या नवऱ्याची चौकशी करायला कुणी जाईल का? श्रीनिवास गेला. सुट्टी टाकून गेला. वाण्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, ऑफिसातल्या शिपायाला गाठलं, आणि संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात उभा राहून म्हणाला, "माणूस निर्व्यसनी आहे. इमारतीत कुणाचंही पाण्याचं काही बिघडलं तर हेच बघतात. पहिल्या पत्नीच्या आजारपणात यांनी फार केलं." शेवटचं वाक्य सांगताना याचा आवाज भरून आला होता. बाबा खूश झाले. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकरचं झाकण आपटलं.

आता मंडळाचं सांगते. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा जिवंत देखावा असायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर यात माणसं रंगमंचावर वेश करून उभी राहतात, पण बोलत नाहीत. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात. स्पीकरवर आवाज लागतो आणि रंगमंचावरची मंडळी नुसते ओठ हलवतात, तलवारी फिरवतात. वीसेक मिनिटांचा प्रसंग संपला की गर्दी पुढे सरकते, नवी गर्दी येते, पुन्हा तोच आवाज, तेच सगळं. आरतीपासून स्पीकर बंद करायच्या वेळेपर्यंत, दहा दिवस.

दरवर्षी शिवकालातला प्रसंग असायचा. त्या वर्षी लिहायचं काम अर्थातच श्रीनिवासकडे होतं, आणि त्यानं कोरियाचा अख्खा राजवाडा उचलून सह्याद्रीवर आणून ठेवला. एक काल्पनिक गड, एक काल्पनिक राजकन्या आणि काळ्या कपड्यांतला, लांब केसांचा, उडणारा एक सेनापती. मंडळाचे अध्यक्ष दत्तोबा, मंडईत फुलांचा गाळा असलेले. त्यांनी कागद वाचून विचारलं, "आपला मावळा उडतोय का बरं?"

"त्याची साधना आहे," श्रीनिवास म्हणाला.

"आणि ही गुलाबी फुलं कसली? आपल्याकडं असली झाडं नाहीत. मी फुलांत जन्म काढलाय."

"कण्हेर म्हणा."

"कण्हेर अशी गळत नाय ओ," दत्तोबा म्हणाले. पण सेनापती दोरीवरून उडणार म्हटल्यावर शेजारच्या मंडळाची जिरेल असा त्यांनी हिशोब केला आणि परवानगी दिली. तालमीतला हिंदुराव सेनापती झाला. त्याला वर ओढायला बांधकामावरची कप्पी आणली. कॉलेजात जाणारी उल्का राजकन्या झाली. आणि आवाजाचं ठरवताना दत्तोबा मला म्हणाले, "मॅडम, राजकन्या तुम्हीच करा. शाळेत पोरींना दम देता तसा खणखणीत आवाज पायजे." सेनापतीचा आवाज श्रीनिवासचा. समोर माणसं नसली की याचा आवाज फार चांगला लागायचा. हे मी आजही नाकारत नाही.

स्वारगेटजवळ एका इमारतीच्या तळघरात ध्वनिमुद्रणाची खोली होती. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मागच्या बाकावर दत्तोबा बसलेले. बाहेर डेपोतून एसटी निघाली की काचेपलीकडचा माणूस हात वर करायचा, मग गाडी लांब जाईपर्यंत आम्ही गप्प बसायचो. समोरासमोर दोन माइक, मध्ये श्रीनिवासनं लिहिलेले कागद. प्रसंग शेवटचा होता. उद्या राजकन्येची पालखी परराज्यात निघणार. ती सेनापतीला विचारते, "सेनापती, आपणांस काही सांगावयाचे आहे?" तो उत्तर देतो, "राजकन्ये, तलवारीला जीभ नसते." मग बाण, मग फुलं, मग मरता मरता दोन पानांचं भाषण.

तलवारीला जीभ नसते! हे वाक्य लिहून झाल्यावर तो दोन दिवस हवेत होता. मी कागद हातात धरून उभी होते, आणि एकदम मला या सगळ्याचा भयंकर संताप आला. तीन आठवडे मी या माणसाला एकटं गाठायला बघत होते आणि तीन आठवडे हा क्षितिजं शोधत होता. मनात म्हटलं, हा फक्त माइकसमोर बोलतो ना? मग तिथंच विचारावं. माझी पाळी आली तेव्हा कागद खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघून म्हणाले,

"मला जायचं नाहीये. तुम्ही एकदा 'जाऊ नका' म्हणा, मी थांबते. दुसरं काही नको. बोला ना."

माझा आवाज शेवटी फाटला. श्रीनिवासनं मान वर केली. त्याला कळलं. हे मी शपथेवर सांगते. त्याचे कान लाल झाले. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर एकही एसटी आली नाही. मग त्यानं नजर कागदावर आणली आणि त्या चांगल्या आवाजात वाचलं, "राजकन्ये, तलवारीला जीभ नसते."

काचेपलीकडचा माणूस खुर्चीतून उठून आत आला. "मॅडम, अंगावर काटा आला! आणि सर, तुम्ही मधे जो थांबलात ना, त्याला तोड नाही. हे असंच ठेवतो."

"ते काढून टाका," मी म्हणाले. "कागदावरचं पुन्हा म्हणते मी."

"अहो, असं पुन्हा येत नाही," दत्तोबा मागून म्हणाले. "सर, तुम्ही सांगा. ठेवायचं का काढायचं?"

श्रीनिवास कागद नीट लावत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठेवा."

आणि मग दहा दिवस माझा प्रश्न आणि त्याचं उत्तर नारायण पेठेतल्या भिंतींवर आपटत राहिलं. हिंदुराव कप्पीवरून धक्के खात वर जायचा, त्याच्या तलवारीत निळा दिवा लागायचा. उल्का च्युइंगगम चघळत असायची, त्यामुळे ओठ हलवायची तिला वेगळी मेहनत पडायची नाही. पतंगाच्या कागदाची गुलाबी फुलं दर खेळानंतर झाडून, पोत्यात भरून पुन्हा वर चढवायचे. चौथ्या दिवशी ती मातीच्या रंगाची झाली होती. पण माझं वाक्य आलं की गर्दी चिडीचूप. मग ती शांतता. लहान मुलंसुद्धा श्वास धरून उभी असायची. मग "तलवारीला जीभ नसते," आणि टाळ्या. स्वतःची लाज निघाल्याबद्दल इतक्या टाळ्या मिळालेली बाई दुसरी नसेल.

शाळेतल्या बाया येऊन माझं कौतुक करून गेल्या. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून रोज ऐकायचे. "तुझा आवाज छान आलाय गं," ते म्हणायचे. "पण हा माणूस ठार मूर्ख आहे." पाचव्या-सहाव्या दिवशी तर ते गॅलरीतून खाली बघत मोठ्यानं म्हणाले, "अरे लेका, आज तरी नको जाऊ म्हण!"

श्रीनिवास रोज मांडवाच्या कडेला बांबूला टेकून उभा असायचा. पहिल्या खेळापासून शेवटच्या खेळापर्यंत. मी वरून बघायची. रोज वाटायचं, आज हा बांबू सोडेल, रस्ता ओलांडेल, जिना चढेल. फार लांब नव्हतं. सेनापतीला तर कप्पीही लागली नसती.

सातव्या दिवशी श्यामसुंदर आगटे बहिणीला घेऊन देखावा बघायला आले. नंतर वर चहाला आले. फुर्र करून चहा प्यायले आणि म्हणाले, "आवाज तुमचा ना? ते वाक्य तुम्ही अगदी खरं विचारल्यासारखं वाटलं." मी बिस्किटांची बशी पुढे केली. ते म्हणाले, "मी असतो तर लगेच म्हटलं असतं, नका जाऊ. पण मग देखावा तिथंच संपला असता म्हणा." आणि कंगवा काढून केसांवरून फिरवला. माझ्या मनात त्यांच्याविषयी त्या वेळी काही विशेष आलं असं नाही. पण आठवड्याभरात पहिल्यांदाच मी पोटभर जेवले.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी बेल वाजली. बाबा झोपले होते. दार उघडलं तर श्रीनिवास. हातात पेढ्यांचं खोकं. यानं बेल वाजवली, एवढ्यानंच मी आशेला लागले.

"बक्षीस मिळालं," तो म्हणाला. "देखाव्यांच्या स्पर्धेत. उत्कृष्ट संवादांचं. परीक्षकांनी तुमच्या त्या वाक्याचा वेगळा उल्लेख केला."

"ते तुमच्या कागदावर नव्हतं."

"नव्हतं."

"मग कुणाचं होतं?"

"तुमचं." तो खाली बघत होता. "तुम्ही मला विचारत होतात. मला तेव्हाच कळलं."

"कळलं होतं ना? मग ते उत्तर कशाला दिलंत?"

"मशीन चालू होतं."

"आता बंद आहे," मी म्हणाले.

तो खिडकीकडे गेला. समोर त्याचीच खिडकी होती, त्याच्या आईची साडी वाळत होती. मी खरंच थांबले. एवढ्या सगळ्यानंतरही थांबले. आता बोलेल, आता बोलेल असं म्हणत मी दाराची कडी धरून उभी राहिले. शेवटी तो वळला. चेहऱ्यावर असा आनंद होता की मला वाटलं, जिंकले.

"खरं सांगू का?" तो म्हणाला. "इतके दिवस रोज उभं राहून मी तुमचं ते वाक्य ऐकलं. आपल्यासाठी कुणीतरी असं म्हणालं! माणसाला याच्यापेक्षा जास्त काय हवं?"

"मला हवंय," मी म्हणाले. "मला याच्यापेक्षा पुष्कळ जास्त हवंय. मला घरात माणूस हवाय."

तो हसला. ते हसू मी दर रविवारी दुपारी पडद्यावर पाहिलेलं होतं. "तुम्ही सुखी व्हा, सुहासिनीबाई. आगटे फार चांगले आहेत. मी स्वतः चौकशी केली आहे."

मी फोनपाशी गेले आणि त्याच्यासमोरच पाटबंधारे खात्याचा नंबर फिरवला. आगट्यांना बोलवायला कुणीतरी गेलं. तेवढ्यात हा तीन पावलं पुढे येऊन फोन माझ्या हातातून काढून घेऊ शकला असता. आला नाही. तिकडून "हं, बोला" असा आवाज आला. मी म्हणाले, "मी सुहासिनी बोलतेय. माझा होकार आहे. मी येते तुमच्याकडे."

"बरं झालं," आगटे म्हणाले. "मी संध्याकाळीच येतो. बाबांना गोडातलं काय चालतं?"

फोन ठेवून मी वळले. श्रीनिवास खिडकीशी उभा होता, हात मागे बांधलेले, मान जराशी वर, डोळ्यांत पाणी. अतीव समाधानानं त्याचा चेहरा उजळला होता.

"किती सुंदर म्हणालात," तो हलक्या आवाजात म्हणाला. "अगदी शेवटच्या प्रसंगात म्हणावं तसं."

तोपर्यंत मला धास्ती होती की हा गेल्यावर मी रडेन. ती त्या क्षणी गेली. या माणसापुढे मी जीव दिला असता तरी यानं तो नीट बघितला असता आणि दाद दिली असती. मी दार सताड उघडलं, पेढ्यांचं खोकं त्याच्या हातात परत दिलं आणि म्हटलं, "निघा आता. संध्याकाळी माणसं यायचीत, मला घर झाडायचंय."